नलूची सिद्धता

५ जुलै १९५५, आर्वी

हेडमास्तर लक्ष्मणरावांनी शेवटी हो म्हटलं. उद्यापासून सकाळी सात ते साडेआठ, शाळा भरण्याआधी, मॅट्रिकच्या वर्गातली तीन मुलं माझी. अभ्यासक्रमात नसलेलं गणित शिकवायचं : संख्यांचे गुणधर्म, सिद्धता कशी रचतात ते, आणि जमलं तर थोडं कॅल्क्युलस. हेडमास्तर म्हणाले, “बबनराव, तीन लेकरांसाठी येवढी मरमर काऊन? बाकीचे चाळीस नापास झाले त मी कमिटीले काय सांगू?” त्या चाळिसांकडेही पाहतो, असं मी सांगितलं. खरं कारण त्यांना सांगितलं नाही. बारा वर्षं तेच ते शिकवून डोक्याला गंज चढला आहे. वडिलांच्या आजारपणामुळे एम.एस्सी. अर्धवट टाकून नागपूर सोडलं नसतं तर आज कुठे असतो, हा विचार हल्ली दिवसातून चारदा येतो.

तिघांपैकी भैय्याजी हा कापसाच्या जिनिंगवाल्यांचा मुलगा. एकदा ऐकलं की त्याचं पाठ. कवडू गोंडांच्या वस्तीवरचा. घरी त्यांची भाषा, शाळेत आपली, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा तपासून घेतो. तिसरी नलू. रोहण्याच्या आनंदरावांची मुलगी, इथे आत्याकडे, देवकाबाईंकडे, राहून शिकते. मुलीला घ्यायचा विचार नव्हता. चाचणीत पहिली आली म्हणून घ्यावी लागली.

१९ जुलै

नलू प्रश्न फार विचारते. आज म्हणाली, “सर, हे खरं आहे ते समजलं. पन खरं काऊन आहे?” का, ते कळावं म्हणून मी सिद्धता पुन्हा फळ्यावर लिहिली. ती म्हणाली, “हे त पटवून देनं झालं. काऊन ते राह्यलंच.”

नंतर एका ठिकाणी माझं चिन्ह चुकलं. तिनंच दाखवलं. मी म्हणालो, तुमचं लक्ष आहे का ते पाहत होतो. भैय्याजी हसला, कवडूनं मान डोलावली, नलूनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. घरी जेवण गेलं नाही. बायको, सुमित्रा, म्हणाली, “भाजी खारट झाली का?” भाजी चांगली होती.

६ ऑगस्ट

पोळ्याच्या सुट्टीसाठी एक प्रश्न दिला. १५ ही संख्या लागोपाठच्या आकड्यांची बेरीज म्हणून तीन प्रकारे लिहिता येते : ७ + ८; ४ + ५ + ६; आणि १ पासून ५ पर्यंत. ९ दोन प्रकारे येते. ८ मात्र काही केल्या येत नाही. मग कोणती संख्या किती प्रकारे लिहिता येईल, याचा नियम सांगा. कॉलेजात असताना हा प्रश्न मला सुचला होता. दोन, चार, आठ, सोळा यांचं जमत नाही, एवढं तेव्हा मी दाखवलं होतं. पुढे जाता आलं नव्हतं.

२० ऑगस्ट

सकाळपासून एका जागी बसवत नाही.

नलू रोहण्याहून आली आणि वही उघडून माझ्यासमोर ठेवली. पूर्ण नियम! एकाहून मोठे जितके विषम विभाजक, तितके प्रकार. पंधराला ३, ५ आणि १५, म्हणून तीन. आठाला एकही नाही, म्हणून शून्य.

मी म्हणालो, नियम बरोबर दिसतो, पण सिद्धता? तिनं पान उलटलं. टिंबांच्या पायऱ्या काढल्या होत्या : चार टिंबं, पाच, सहा. तीच पायरी उलटी करून शेजारी बसवली की आयत झाला. “सर, कोनतीबी पायरी घ्या, असा आयत होतेच. त्याची एक बाजू विषम येते, दुसरी सम. मंग संख्येची दुप्पट करा, अन् एकाच ओळीचा सोडून तिचे एक विषम, एक सम असे किती आयत होतात ते मोजा. झालं.”

झालं! अर्ध्या पानात. मी हेच दोन वर्षं बीजगणितानं करायला गेलो होतो.

मी तिला म्हणालो, ठीक आहे, पण भाषा कच्ची आहे, वही राहू दे माझ्याकडे. घरी येऊन अंगणात फेऱ्या मारत होतो. सुमित्रानं विचारलं, “काय हरवलं?”

२३ ऑगस्ट

हे छापून यायला हवं. निदान नागपूरला महादेवराव सरांना तरी दाखवायला हवं. कॉलेजात ते माझे प्राध्यापक. गणिताच्या त्रैमासिकाशी त्यांचा संबंध आहे.

शांतपणे विचार केला तर प्रश्न माझा आहे. तो सोडवायची दृष्टी माझ्या तासात मिळाली. नलूनं चित्र काढलं, ते उत्तम आहे, पण चित्र म्हणजे सिद्धता नव्हे. तिला शब्द मी देणार. आम्ही दोघांनी मिळून केलेली गोष्ट आहे ही. मॅट्रिकच्या मुलीचं नाव पाहून कोणी पुढचं वाचेल का? आधी छापून येऊ दे. मग सांगता येईल.

२ सप्टेंबर

दोन पानांचा इंग्रजी मजकूर तयार झाला. माझं अक्षर वाचवत नाही, म्हणून स्वच्छ प्रत करायला नलूलाच बसवलं. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. एकही खाडाखोड न करता तिनं सगळं उतरवलं. शेवटी विचारलं, “सर, खाली नाव तुमचंच लिवू?” मी म्हणालो, हो, पत्रव्यवहार मला करायचा आहे ना. तिनं लिहिलं. आकृतीही फार सुबक काढली. तिलाही या कामात आनंद वाटला असावा, कारण जाताना काही बोलली नाही.

पाकीट दुपारीच टाकलं. सुमित्रा म्हणाली, “नलूचं पाठवलं का?” मी म्हणालो, आमचं पाठवलं.

१४ सप्टेंबर

नलू गेले आठ दिवस उशिरा येते. हिवताप झाला असेल. गावात साथ आहे. देवकाबाईही तिला घरकामाला लावत असतील. आज मुद्दाम फळ्यावर एक चूक केली. तिनं पाहिली, हे मला दिसलं. बोलली मात्र नाही. मुलींचं असंच असतं, सुरुवातीला उत्साह, मग ओसरतो.

३० सप्टेंबर

लक्ष्मणरावांना बोलता बोलता सांगून बसलो. त्यांनी आज प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर जाहीर केलं की आपल्या बबनरावांनी गणितात शोध लावला, नागपूरला धाडला. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. विनय वाटला असेल लोकांना.

तासाला कवडूनं विचारलं. त्याच्या विचारण्यात वाकडं काही नसतं. “सर, हेडमास्तर सायबानं सांगताना नलूचं नाव सुटलं का?” मी म्हणालो, सुटलं असेल. नलू त्या वेळी पेन्सिलीला टोक करत होती. टोक तुटेपर्यंत करत राहिली.

१७ ऑक्टोबर

शिक्षकांच्या खोलीत विदर्भ वेगळा होणार की मुंबई राज्यात जाणार, एवढा एकच विषय. सगळे मला मत विचारतात. माझं लक्ष पोस्टमनकडे. तो आला की उठून दारात जातो. आज त्यानंच विचारलं, “मास्तर, कोन्या पाहुन्याची वाट पाहून राह्यले?”

२८ नोव्हेंबर

उत्तर आलं. महादेवराव सरांचं पत्र एक पानाचं आहे. तीनदा वाचलं. सारांश असा :

हा नियम सत्तर वर्षांपूर्वीच एका इंग्रज गणितज्ञानं सिद्ध करून ठेवला आहे, त्यामुळे छापता येणार नाही. मात्र आयताच्या चित्रानं केलेली ही मांडणी त्यांनी पाहिली नव्हती, आणि ती दोन दिवस त्यांच्या डोक्यातून गेली नाही. मग शेवटचा परिच्छेद. तो त्यांच्या शब्दांत उतरवून ठेवतो : “बबन, तुला मी चार वर्षं शिकवलं. चित्राची तुला भीती वाटायची. तीन ओळींत होणाऱ्या गोष्टीला तू तीन पानं घ्यायचास. ही सिद्धता ज्याची आहे त्याला माझ्याकडे पाठव. कोण आहे तो?”

चोरी केली, आणि चोरलेली वस्तू बाजारात केव्हाची आलेली.

चोरी हा शब्द मी आज प्रथम लिहिला.

२९ नोव्हेंबर

कालचं शेवटचं वाक्य खोडणार होतो. खोडलं नाही.

पण सरांना उत्तर काय लिहायचं? माझं नाव घालवून बसायचं, तेही सत्तर वर्षं जुन्या गोष्टीसाठी? आणि नलूचंही नवीन काहीच नाही, मग तिचं काय नुकसान झालं? थोडे दिवस जाऊ देतो. परीक्षा जवळ आली आहे. मुलांचं मन विचलित होऊ नये.

१५ जानेवारी १९५६

काल संक्रांत. देवकाबाई तिळगूळ घेऊन आल्या आणि सुमित्रापाशी ओट्यावर बसल्या. मी आत वह्या तपासत होतो. बोलणं ऐकू येत होतं. “नलूचं जमल्यासारखंच हाय वो. समुद्रपूरचा पोट्टा, तहसिलीत कारकून. परीक्षा झाली की वैशाखात उरकून टाकू म्हन्ते आनंदराव. येवढं शिकून तरी काय करते पोट्टी?” सुमित्रा म्हणाली, “तिचं डोकं फार चांगलं आहे म्हणतात.” देवकाबाई हसल्या. “कोन म्हन्ते? शाळेत त मास्तरचंच नाव गाजलं.”

त्या गेल्यावर सुमित्रा माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी वर पाहिलं नाही. ती म्हणाली, “नागपूरच्या पत्राचं उत्तर गेलं का?” पत्राबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं. पोस्टमननं सांगितलं असेल.

मी म्हणालो, वेळ मिळाला नाही.

“तुमाले वेळ मिळेपर्यंत तिचं लगन होऊन जाईन,” ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

१६ जानेवारी

लिहिलं आणि टाकलंही, घरी आणून पुन्हा वाचायची सोय ठेवली नाही. “सिद्धता माझी नाही. नलिनी नावाच्या माझ्या विद्यार्थिनीची आहे, वय सोळा. मी तिला विचारलं नाही आणि माझं नाव लावलं.” एवढंच लिहिलं. आधी चार पानांचं पत्र लिहिलं होतं, त्यात माझी परिस्थिती, वडिलांचं आजारपण वगैरे होतं. सर ते ओळखून असतील. वडील खरेच आजारी होते. पण मी नागपूर सोडलं ते त्यासाठी नव्हे. मी नापास झालो होतो. हे बारा वर्षांत मी कुठेच लिहिलं नाही, या वहीतही नाही.

३ फेब्रुवारी

महादेवराव सरांचं पत्र आलं. रागाचा एक शब्द नाही, त्यामुळे जास्तच लागलं. मुलगी पास होवो, जुलैत कॉलेजात नाव घालतो. राहण्याची सोय आमच्याच घरी होईल, माझ्या दोन मुली आहेत त्यांच्यात राहील, असं लिहिलं आहे. खाली एक ओळ : “तिच्या वडिलांशी तू स्वतः बोल.”

६ फेब्रुवारी

सकाळच्या तासाला तिघांसमोर सांगितलं. भैय्याजी खिडकीबाहेर पाहू लागला. कवडू म्हणाला, “हां,” जणू एखादं उत्तर जुळलं. नलू म्हणाली, “मले माहीत आहे सर. मीच त लिवलं होतं.”

मी थांबलो. वाटलं होतं ती रडेल, रागावेल, निदान विचारेल की असं काऊन केलं. मनात उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, “पुढचं उदाहरण द्या ना सर, साडेआठ होतात.”

मग मी हेडमास्तरांकडे गेलो. लक्ष्मणराव बराच वेळ चष्मा पुसत होते. “मी सगळ्या शाळेपुढं सांगितलं ना बबनराव! आता काय सगळ्या शाळेपुढं परत घेऊ?” मी म्हणालो, घ्या. ते म्हणाले, “परीक्षा होऊन जाऊ द्या.” मी ऐकलं नाही. दुसऱ्या घंटेला स्वतः वर्गावर्गांत जाऊन सांगितलं. पाचवीच्या पोरांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

मोकळं वाटेल असं ऐकून होतो. वाटलं नाही.

१५ एप्रिल

परीक्षा संपून दोन आठवडे झाले. रोज ठरवत होतो उद्या जाऊ. आज सकाळच्या छोट्या आगगाडीनं रोहण्याला गेलो. ही गाडी आर्वीहून निघून पुलगावला पोचेपर्यंत माणूस उतरून चिंचा तोडून परत चढू शकतो. आज मला ती फार भरधाव वाटली.

आनंदराव अंगणात कडुलिंबाखाली बाज विणत बसले होते. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. त्यांनी पाणी मागवलं. नलू तांब्या घेऊन आली आणि दारापाशीच उभी राहिली.

मी नागपूरचं पत्र वाचून दाखवलं. ते सुतळी ओढत म्हणाले, “मास्तर, पोरगी हुशार हाय हे तुमी सगळेच म्हन्ता. पन हुशार म्हंजे किती? आमच्या गावात नव्वद मार्कवाले झाले, ते बी वखरच हाकून राह्यले. मले आकड्यातलं काय समजते? समुद्रपूरचं घर चांगलं हाय. हे सोडून कोन्या भरवशावर धाडू?”

मी समजावू लागलो. टिंबं, पायऱ्या, आयत. मातीत बोटानं काढून दाखवलं. ते मान हलवत होते, पण पटत नव्हतं. मग मी बोलून गेलो, “आनंदराव, मी हे तिचं चोरलं होतं. माझं म्हणून नागपूरला पाठवलं.”

त्यांचे हात थांबले. “म्हंजे?”

मी सगळं सांगितलं. प्रत तिच्याकडूनच करून घेतली हेही. मी स्वतः नापास झालो होतो हेही. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही बाज माझ्या डोक्यात बसते. तसं झालं असतं तर मी हललो नसतो.

त्यांनी नलूकडे पाहिलं. “खरं हाय का वो बाई?”

“होय बाबा.”

“अन् तू बोलली नाई?”

“कोनाले सांगू? सरच होते सांगाले.”

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घाटी तेवढी वाजत होती. मग आनंदराव म्हणाले, सावकाश, जणू स्वतःशी हिशेब मांडत : “मास्तर, मले चीड त आली. पन एक गोष्ट सांगू? मार्क बिर्क मले समजत नाई. आमच्या वावरातून कोनी धसकटं चोरून नेत नाई. नेते त कापूसच नेते. तुमच्यासारखा शिकलेला मानूस, बारा वर्सं मास्तरकी केलेला, त्याले बी माह्या पोरीचं चोरावं वाटलं. म्हंजे काही तरी असनच.”

मी खाली मान घालून बसलो.

“बाबा, मले जायचं हाय,” नलू दारातून म्हणाली. एकदाच.

“समुद्रपूरवाल्याले सांगतो दोन वर्सं थांब म्हून,” आनंदराव म्हणाले. “नाई थांबला त जाईन दुसरीकडं. लगन काय पयून जाते का?”

त्यांनी मला जेवायला बसवलं नाही. चहाही विचारला नाही. परतीची गाडी येईपर्यंत मी स्टेशनवर दोन तास उन्हात बसलो.

१२ जून

निकाल लागला. तिघंही पास. भैय्याजी गुणवत्ता यादीत आला; जिनिंगमध्ये पेढे वाटले, हेडमास्तर हार घेऊन गेले. कवडू दुसऱ्या श्रेणीत आला. वर्ध्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जातो म्हणतो. नलूचं नाव यादीत नाही. संस्कृतानं खाली ओढलं, आणि गणितात चार गुण कापले. बहुधा तिनं आपल्याच पद्धतीनं सोडवलं असेल, आणि तपासणारा माझ्यासारखाच असेल.

२ जुलै

नलू नागपूरला गेली.

शाळेचा दाखला घ्यायला आनंदराव तिला घेऊन आर्वीला आले होते. इथूनच दोघं पुलगावच्या गाडीत बसले. पुढे मोठी गाडी. देवकाबाई आल्या होत्या, सुमित्रा आली होती. मी जावं की नाही ते सकाळपासून ठरत नव्हतं. दोनदा चपला घालून काढल्या. सुमित्रा म्हणाली, “चला. तिनं नको म्हटलं त परत या.”

नलू देवकाबाईंच्या पाया पडली, सुमित्राच्या पाया पडली. माझ्यासमोर आली, थोडी थांबली, आणि उभ्यानंच हात जोडले. मीही जोडले. देवकाबाईंना ते खटकलं, “अवो, मास्तरच्या पाया पड ना!” आनंदराव म्हणाले, “राहू दे.”

गाडी हलली. खिडकीत ती पलीकडे तोंड करून बसली होती. मी वळणार, तेवढ्यात तिनं डोकं बाहेर काढलं.

“सर!”

मी गाडीबरोबर चालू लागलो. या गाडीबरोबर चालता येतं.

“सर, लागोपाठच्या आकड्यायची बेरीज झाली. पन त्यायच्या वर्गायची बेरीज घेतली त? म्हंजे दोनाचा वर्ग, तिनाचा वर्ग, चाराचा वर्ग, असे. कोनती संख्या तशी लिहिता येते, अन् किती प्रकारे? मी दोन महिने करून राह्यली, पायऱ्या जुळत नाईत.”

सप्टेंबरनंतर तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. फलाट संपत आला होता. मी धावत होतो, सदऱ्याची गुंडी तुटली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बारा वर्षांच्या सवयीनं एक वाक्य तयारही होतं, ‘तूच विचार कर, मला पाहायचं आहे,’ असलं. ते गिळलं.

“मला येत नाही, नलू!” मी ओरडलो. “मला माहीत नाही ते!”

तिनं ऐकलं. इंजिनच्या धुरात चेहरा नीट दिसला नाही, पण तिनं मान हलवली, आणि आत वळून बापाला काहीतरी सांगू लागली.

घरी आल्यापासून तिचाच प्रश्न घेऊन बसलो आहे. दोनाचा, तिनाचा आणि चाराचा वर्ग मिळून एकोणतीस होतात. पुढे काहीही दिसत नाही.